मारुती ८०० चं इंजिन घरीच बांधायला घेतलंय (खारपाणपट्टा, ता. दर्यापूर)

पूर्णाकाठ | १८ मे, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी.

गाडी मारुती ८००, १९९७ ची, कार्बोरेटरवाली, पासिंग एमएच २७. बाबांनी मास्तरकीच्या पगारातून घेतलेली. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत.

एप्रिलच्या शेवटी मावसभावाचं लग्न आटोपून येत होतो. मूर्तिजापूर रोडवर काटा लाल रेघेला टेकला. बाहेर ४४ डिग्री, गाडीत पाच माणसं आणि मांडीवर आहेराची भांडी. थांबलो, दहा मिनिटं कशीबशी काढली आणि घोडचूक केली. शेजारच्या वावरातल्या बोअरचं गार पाणी बाटलीनं भडाभडा रेडिएटरमध्ये ओतलं. आतून 'टण्ण' आवाज आला. गाडी घरापर्यंत आली, पण रडतखडत.

आता लक्षणं अशी. सायलेन्सरमधून पांढरा धूर. पाणी लिटरनं गायब, खाली मात्र थेंब नाही. डिपस्टिकवर ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा. कॉम्प्रेशन गेज उसनं आणून लावलं: पहिला सिलिंडर १६५ पीएसआय, दुसरा ८५, तिसरा ८०. दुसऱ्या-तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत पाहिलं, आकडा हलला नाही.

एक मिस्त्री म्हणाला, "इंजिन म्हातारं झालं, कबाड्यातून हाफ इंजिन टाकू, म्हणजे जुनं खालचं अर्धं, अठरा हजार." दुसरा म्हणाला, भंगारात घाला. मला दोन्ही पटत नाही. मी आयटीआय फिटर आहे, पाण्याच्या मोटारी रोज उघडतो, कारचं इंजिन कधी उघडलेलं नाही. पेरणीला अजून वेळ आहे. घरी काय करावं आणि बाहेर काय द्यावं, ते सांगा.

टॅपेट | १८ मे, रात्री ११.५२

दोन शेजारचे सिलिंडर एकदम पडले आणि ऑइल टाकूनही आकडा तोच. म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नाही, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं हेड पॅकिंग गेलंय. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं, पॅकिंग दोघांच्या मधे. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत, त्यात तू वरून गार पाणी ओतलंस. हेड वाकलं असणार. आधी फक्त हेड उतरव, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) बघ, मग पुढचं.

जुना खटारा | १९ मे, सकाळी ७.१०

काहून जीव जाळून रायले भाऊ? पंचवीस-तीस हजारात याच्याहून बरी ८०० भेटते. वरून आरटीओचा खर्च येगळा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्सावरच्या कारची नूतनीकरणाची फी ६०० ची ५,००० केली, अन् ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्सावरच्या कारले १०,०००. म्हतारीले दागिने घालून रायले तुमी.

पूर्णाकाठ | १९ मे, सकाळी ७.४०

म्हातारीचे कागद २०२७ पर्यंत आहेत बाप्पा. तोवर चालू द्या की.

लेथवाले काका | १९ मे, दुपारी २.०५

मी तीस वर्षं बोरिंगचं काम केलं, आता मुलगा बघतो. म्हणून जरा लांबड लावतो.

घरी करण्यासारखं: उतरवणं, धुणं, मापणं, व्हॉल्व्ह घासणं, परत बांधणं. घरी न करण्यासारखं: बोअर मारणं, क्रँक (पिस्टननी फिरणारा दांडा) घासणं, हेडला फेस मारणं म्हणजे खालची बाजू मशीनवर सपाट करणं. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड घासायचे व्हिडिओ लोक पाहतात, तो नाद करू नकोस. हेडवर सरळ पट्टी ठेव, आडवी, उभी आणि दोन्ही कोपऱ्यांतून तिरपी. पट्टीखाली फिलर गेजची, म्हणजे फट मापायची, ०.०५ मिलिमीटरची पाती शिरली तर फेस मारायला दे. फेसही लागेल तेवढाच. जास्त कापलं तर कॉम्प्रेशन वाढून ठोका येतो, शिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या जवळ सरकतो आणि बेल्टचं टायमिंग किंचित मागं पडतं.

कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकांत मिसळू नकोस. ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला, त्याच तोंडानं. एवढं चुकलास तर पुढचं सगळं व्यर्थ.

आणि पिस्टन आधी घे, बोअर मग मार. पेटीवर वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिहिलंय म्हणून बोअर वीस थाऊनं वाढवायचा नसतो. हातातला पिस्टन मापायचा आणि त्याच्यापेक्षा चार-पाच शतांश मिलिमीटर मोकळा बोअर करायचा. जो बोरिंगवाला पिस्टन न मागता ब्लॉक ठेवून घेतो, त्याच्याकडून ब्लॉक परत आण.

मोर्शीची संत्री | १९ मे, दुपारी ३.३०

दादा, सासऱ्यांची जीप आम्ही घरीच उघडली होती, त्यावरून दोन गोष्टी सांगते. प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. डब्यांवर नावं लिहिताना 'इकडचे', 'तिकडचे' असं लिहू नका, आठ दिवसांनी इकडं कोणतं ते आठवत नाही. आमचा एक अख्खा रविवार त्यात गेला.

आणि कबाड्यातला ब्लॉक टाकायचा विचार असेल तर इंजिन नंबर बदलतो. एफ८बी पासून सुरू होणारा तो नंबर आरसीवर असतो. न कळवता बदललात तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकते. तुमचा ब्लॉक वाचत असेल तर वाचवा.

पूर्णाकाठ | २५ मे, रात्री १०.१५

इंजिन खाली आलं.

आधी अंगणातल्या निंबाच्या फांदीला चेनपुली बांधणार होतो. आईनं फांदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मुकाट्यानं विहिरीच्या गाळ काढणाऱ्या गड्यांची लोखंडी तिपाई आणली. बॅटरी, रेडिएटर, बॉनेट काढलं, दोन्ही एक्सल सोडवले आणि गिअरबॉक्ससकट वर ओढलं. वजन सोयाबीनच्या दीड कट्ट्याएवढं असेल. तिघांनी धरून जुन्या टायरवर ठेवलं.

हेड उतरवलं. टॅपेटचं म्हणणं खरं, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली पॅकिंगची पट्टी जळून काळी झालेली. हेडखाली मधोमध ०.१५ ची पाती आरामात गेली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी साचून महिनाभर तसंच राहिलं, त्यामुळं बोअरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेत. नख अडकतं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. ब्लॉकच्या बाजूची गोल टोपणं, ज्यांना आपल्याकडं वॉटर प्लग म्हणतात, ती ठोकून काढली. पहिल्या सिलिंडरजवळच्या भोकातून थोडा लाल गाळ आला. तिसऱ्याजवळच्या भोकातून काहीच येईना. स्क्रू ड्रायव्हर घातला तर दोन बोटं आत जाऊन अडला. टोचत बसलो. आधी चुन्यासारखी पांढरी पापुद्री निघाली, तिच्यामागं विटेच्या रंगाचा थर, त्याच्यामागं परत पांढरं. झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं असतात तसं. दोन तास खरवडून निघालेला माल आईच्या मापानं पावशेराच्या वर भरला. पाण्याचा पंप पहिल्या सिलिंडरच्या टोकाला, तिसरा सर्वांत लांब. तिथवर पाणी पोचतच नव्हतं.

हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्यात. क्रँक मात्र आरशासारखा, बेअरिंगला ओरखडा नाही. मिस्त्री ज्याला म्हातारं म्हणाला ते इंजिन पाण्यानं मेलंय.

टॅपेट | २५ मे, रात्री १०.४०

रेडिएटरमध्ये कोणतं पाणी टाकत होतास?

पूर्णाकाठ | २५ मे, रात्री १०.४४

अंगणातल्या हापशीचं. वीस वर्षं.

यवतमाळी | २५ मे, रात्री ११.०२

बाहेरच्यांसाठी सांगतो. खारपाणपट्टा म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा. जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यावर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माझी बहीण तिकडं दिलीय, ती माहेरी आली की पाणीच पीत बसते.

लेथवाले काका | २६ मे, सकाळी ८.२०

त्या पाण्यात दोन शत्रू असतात. चुना गरम भिंतीवर बसतो आणि उष्णता अडवतो. मीठ ॲल्युमिनियम खातं. तू खरवडलेलं पांढरं ते पहिल्याचं काम, कुरतडलेल्या कडा दुसऱ्याचं.

हेडमधला खड्डा पॅकिंगच्या कड्याखाली येत असेल तर आर्गन वेल्डिंगनं भरून घ्यायचा आणि मगच फेस. भोकापुरता असेल तर सोडून दे. ब्लॉकला लिंबूसत चालेल, कोमट पाण्यात रात्रभर. हेडला लावू नकोस. संडास धुवायचं ॲसिड तर कशालाच नको.

एक रागवायचं राहिलं. पाणी आत जातंय हे कळल्या दिवशीच स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल ओतून ठेवलं असतंस तर बोअर वाचला असता. आता पंचवीस शतांशात खड्डे निघणार नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा, वीस थाऊचा सेट घे आणि तिन्ही बोअर मारून घे. एकच मारू नकोस.

जुना खटारा | २६ मे, सकाळी ९.००

हे सारं कराल तं एक काम करजा, थर्मोस्टॅट, तो पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेका. आपल्या इकडं ४६-४७ डिग्री जाते न बाप्पा, त्याले ठेवून काय लोणचं घालाचं? मी सगळ्या गाड्याईचा काढतो. पंखा बी डायरेक्ट.

टॅपेट | २६ मे, सकाळी ९.३५

झालं सुरू. खटाराभाऊ, याच सल्ल्यानं विदर्भातली निम्मी इंजिनं घासली असतील. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कधी पुरतं तापतच नाही. डिसेंबरात सकाळी चोक ओढून निघता, दर्यापूर येईस्तोवर चोक तसाच. जास्तीचं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरून खाली उतरतं, ऑइल पातळ करतं, रिंगा घासतात.

जुना खटारा | २६ मे, सकाळी ९.५०

अन् तो उन्हाळ्यात चिकटला म्हंजे? यानं तं काढला नव्हता, तरी शिजलाच न?

पूर्णाकाठ | २६ मे, रात्री ९.३०

खटाराभाऊंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आज परीक्षाच घेतली. आईचा चहाचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला (विचारून, पण कशाला ते न सांगता), पाणी भरलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध टांगला, तळाला टेकू दिला नाही. शेजारी थर्मामीटर. ८२ ला उघडायला हवा. ८२ झाले, ८८ झाले, ९५ झाले. पाणी खदखदायला लागलं तेव्हा कुठं भात शिजताना झाकण उचलतं तेवढा उचलला. चुन्यानं जाम.

नवा आणलेला त्याच गंजात टाकला. ८२-८३ ला किलकिला झाला, ९५ पर्यंत पूर्ण उघडा. दोष थर्मोस्टॅट असण्याचा नव्हता, सडलेला असण्याचा होता. नवा बसवतोय. गंज आता माझा झालाय, आईनं तसं सांगितलंय.

लेथवाले काका | २७ मे, सकाळी ८.००

रेडिएटरचं झाकणही तपास. ते साधं झाकण नाही, दाबाचं आहे. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोचा दाब धरला तर पाणी ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. रबर फाटलं की शंभरलाच. मूर्तिजापूर रोडवर तुला हेच अठरा अंश कमी पडले असतील.

पूर्णाकाठ | १२ जून, रात्री ११.४५

बरेच दिवस गप्प होतो. ब्लॉक, हेड आणि क्रँक घेऊन एसटीनं अमरावतीला दोन फेऱ्या झाल्या. कंडक्टरनं क्रँकचं लगेज लावलं. बोरिंगवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "पिस्टन आणले का?" मी काकांना मनात नमस्कार केला. वीस थाऊ बोअर, होनिंग (बोअर दगडानं बारीक घासणं), हेडला फेस, व्हॉल्व्हच्या सीट. एक खड्डा आर्गननं भरला. क्रँकला नुसतं पॉलिश.

धुलाईला डिझेल, मग साबणाचं गरम पाणी, तेही शहानूर धरणाच्या योजनेच्या नळाचं. होनिंगनंतर बोअर साबणानं धुवायलाच हवा, दगडाची भुकटी नुसत्या डिझेलनं निघत नाही. पांढरं फडकं फिरवून काळं येईना तोवर धुतलं आणि लगेच ऑइल लावलं. पुसायला आधी घरातला कापूस घेतला होता. त्याचे तंतू क्रँकच्या ऑइलच्या भोकाला चिकटलेले दिसले, काळजाचा ठोका चुकला. कापसाच्या मुलखात राहून सांगतो, कापूस इंजिनाजवळ आणू नका.

बांधणी सकाळी सहा ते नऊ, वारा सुटायच्या आत. नंतर सगळं जुन्या चादरीखाली.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये टाकली, पिस्टन उलटा करून त्यानं सरळ ढकलली आणि तोंडातली फट मापली. ०.२० ते ०.२५ आली, बरोबर. अक्षर असलेली बाजू वर, तोंडं एकमेकांपासून फिरवलेली. बेअरिंगची फट मापायला प्लास्टिगेजची मेणाची काडी ठेवून टोपी आवळली, उघडली: ०.०३. रॉडचे नट ३ किलोग्रॅम-मीटर, मेनचे बोल्ट ४.५, हेडचे मधून सुरू करून बाहेर जात तीन हप्त्यांत ६ पर्यंत. टॉर्क पाना ट्रॅक्टरच्या गॅरेजातून उसना आणला. आतापर्यंत मी 'हाताला कळतं' म्हणणाऱ्यांतला होतो. पान्यानं आवळून झाल्यावर दुसऱ्या बोल्टवर हाताचा अंदाज करून पाहिला, ६ समजून ८ ला गेला असता. ॲल्युमिनियमच्या हेडवर ८.

मोर्शीची संत्री | १३ जून, सकाळी ६.५०

कंडक्टरनं क्रँकचं तिकीट फुल काढलं की हाफ? 😀

दादा, सेल्फ मारायच्या आधी ऑइल पंप कोरडा नाही ना ते बघा.

पूर्णाकाठ | १६ जून, रात्री ८.१०

सुरू झाली!

ताईंचं ऐकून पंपात बांधतानाच ऑइल भरलं होतं. तरी तिन्ही प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून सेल्फ मारत राहिलो, थांबत थांबत, डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले.

पहिला सेल्फ: काही नाही. दुसरा: कार्बोरेटरमधून असा फटाका की अंगणातल्या कोंबड्या शेजाऱ्याच्या वाड्यात. बेल्टच्या खुणा परत पाहिल्या, जुळलेल्या. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-२, बरोबर. अर्धा तास डोकं खाजवलं. मग डेल्कोचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण उघडलं तर आतला रोटर पहिल्या वायरीच्या अलीकडंच थांबलेला. बसवताना एक दात चुकला होता. काढला, एक दात फिरवून बसवला, चावी दिली. पहिल्याच फटक्यात.

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "टॅपेट वाजतात." वाजतच होते. गार झाल्यावर त्यांची फट परत लावली.

जुना खटारा | १६ जून, रात्री ८.३०

जमलं बावा! मानलं तुमाले. थर्मोस्टॅटचं मी अजून मानत नाई.

यवतमाळी | १७ जून, दुपारी १.१५

खर्च किती? आणि आता पाणी कोणतं?

पूर्णाकाठ | १७ जून, रात्री १०.००

पिस्टन-रिंगा, बेअरिंग, पॅकिंग किट, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, झाकण, सील, बोरिंग-फेस-आर्गन, ऑइल-कूलंट मिळून एकोणीस हजार सहाशे. म्हणजे हाफ इंजिनपेक्षा सोळाशे जास्त. एसटीचं भाडं आणि आईचा गंज धरलेला नाही. पैसे वाचवायला कुणी हे करत असेल तर करू नका. रेडिएटर मात्र दुरुस्त झाला नाही, नळ्या बंदच. जुना पण साफ एक अकोल्यात मिळाला, त्याचे दोन हजार वेगळे.

पाणी: बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड, अर्धं. अर्धं कूलंट. डिकीत एक तयार कॅन ठेवलाय, त्यावर आईनं मार्करनं लिहिलंय, 'हापशीचं नाही'.

लेथवाले काका | १८ जून, सकाळी ७.४५

आता पहिले हजार किलोमीटर जीव धर. सारख्या वेगानं लांब ओढू नकोस, वेग कमीजास्त करत राहा. उभी ठेवून तासभर सुरू ठेवायची तर अजिबात नाही, रिंगा बोअरशी बसायच्या ऐवजी बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग गाडी ऑइल खाते. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदल.

पूर्णाकाठ | २० जुलै, रात्री ९.२०

५१० ला ऑइल सोडलं. ताटलीत घेऊन खालून लोहचुंबक फिरवला. करड्या मेणासारखी बारीक साय जमली, कण एकही नाही. रंग स्वच्छ, चहाचा मागमूस नाही. काल दर्यापूर ते अंजनगाव आणि परत, काटा मधोमध खिळल्यासारखा. पाऊस होता म्हणा, खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात. कॉम्प्रेशन: १७०, १७०, १६८.

काका, रिकाम्या डब्यात एक वायसर उरलंय. फोटो पाहून पाहून थकलो, कुठलं ते कळत नाही.

लेथवाले काका | २० जुलै, रात्री ९.४१

एकच उरलं? मग बरं बांधलंस.

तेल्हाऱ्याचा पोट्टा | २ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

दादा, पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आमची पण ८००, २००१ ची, पांढरा धूर, पाणी बोअरचंच. हेड उतरवायचं म्हणतो. टॉर्क पाना इकडं कोणाकडंच नाही.

पूर्णाकाठ | २ ऑगस्ट, रात्री ८.०५

आधी प्लग काढ आणि तिन्ही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल ओत. आजच, उद्या नाही. ट्रॅक्टरच्या गॅरेजातला पाना परत केला, आता स्वतःचा घेतलाय. रविवारी दर्यापूर स्टँडवर ये, देतो. पोळ्याच्या आत परत आण, मावसभावानं त्याची व्हॅन आणून अंगणात उभी केलीय.